होडीघरातलं जेट

डावं इंजिन बंद पडलं तेव्हा माझ्या तोंडात तीन टाचण्या होत्या, म्हणून मला ओरडता आलं नाही. खरं तर ओरडायचं काम माझंच होतं. बेरित आत्याने दाग्नीताईच्या पाठीमागून दोन बोटं दाखवली की मी प्लायवुडच्या मागून पुठ्ठ्याचा काटा खाली ओढायचा आणि "धडाम!" म्हणायचं, असं आमचं शनिवारी ठरलं होतं. मी काटा ओढला आणि टाचण्या सांभाळत नाकातून कसंबसं "धम्म" काढलं.

दाग्नीताईला तेवढं पुरलं. प्लायवुडवर खऱ्या जेटच्या कॉकपिटचं खऱ्या मापाचं चित्र चिकटवलं होतं आणि त्यातले महत्त्वाचे डायल आम्ही कापून काढले होते. उंचीच्या डायलच्या भोकातून मला ती समोर दिसत होती. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या हातात माझ्या जुन्या सायकलचं हँडल होतं. पायांखाली फळीवर ठोकलेले आजोबांचे लाकडी तळाचे बूट होते. उजव्या हाताशी हेरिंग माशांच्या खोक्यात उभे केलेले दोन लाकडी डाव, म्हणजे आमच्या दोन इंजिनांचे दांडे. तिने उजवा बूट दाबला, नाक बारा अंशांवर धरलं, पंख सरळ केले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. असा सफाईदार हात मी जन्मात पाहिला नाही.

उजव्या खुर्चीतून बेरित आत्याने विचारलं, "चाकं वर घेऊ?"

दाग्नीताईने ओठ किंचित उघडून श्वास आत घेतला.

"थांब," आत्या म्हणाली. "थांब, थांब, थांब. मी काय विचारलं?"

"चाकं वर घेऊ का."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले की."

"तू हो म्हणाली नाहीस. तू श्वास घेतलास."

आमच्याकडे होकार असाच देतात. गरम बटाटा तोंडात गेल्यासारखा वारा आत ओढायचा, की झालं. कॉफी हवी? श्वास. उद्या समुद्र चढणार? श्वास. आजोबांनी आजीला लग्नाचं विचारलं तेव्हा तिनेही एवढंच केलं होतं, आणि त्यावर दोघांचा अख्खा संसार उभा राहिला. बेटावर त्याने कुणाचं अडत नाही. नोव्हेंबरात ऑस्लोला मात्र अडलं.

तिथे विमान कंपनीच्या परीक्षेत, सिम्युलेटरमध्ये, ताईच्या शेजारी नूनो नावाचा पोर्तुगीज मुलगा होता, तोही उमेदवारच. त्याने विचारलं, पंखांचे फ्लॅप पाचवर लावू? ताईने श्वास घेतला. तो बिचारा थांबून राहिला. मग ताईने स्वतःच हात लांबवून फ्लॅप लावले. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा नूनोने विचारायचंच सोडलं आणि हाताची घडी घातली. एक इंजिन बंद, मार्ग दाखवणारी रेघ बंद, ऑटोपायलट बंद, तरीही ताईने ते धूड धावपट्टीच्या बरोबर मधोमध उतरवलं. परीक्षकाने कागदावर लिहिलं: हात उत्तम. पण ही एकटीच उडते.

कंपनी दुसरी संधी देते. तिसरी देत नाही. दुसरी परवा होती, मंगळवारी सकाळी दहाला.

"परत," आत्या म्हणाली. "आणि इल्वा, टाचण्या तोंडात ठेवू नकोस. एक पोरगी मुकी आहे तेवढं पुरे."

"मी मुकी?" मी टाचण्या थुंकून म्हणाले. "आत्या, मी फेब्रुवारीत अख्ख्या शाळेसमोर वीस मिनिटं बोलले! मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागली!"

"ऐकलंय. त्यातली पाच मिनिटं बहिणीला दे."

ताई हसली. तेवढ्यात आईने घराच्या दारातून हाक मारली: केक तयार आहे, सगळ्यांनी वर या. आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि उत्सवमूर्ती कॉफीसाठी ताटकळत होती.

आईला त्या सकाळी काय वाटत होतं ते तिने मला पुढे भांडी पुसताना सांगितलं. त्या दिवशी मात्र मला वाटत होतं, ती नुसता आडमुठेपणा करतेय.

हाक मारण्याआधी ती खिडकीशी उभी राहून मलई फेटत होती. खिडकीतून होडीघर दिसायचं आणि पाठीमागे, बोळात, हालवार आजोबांचा फोटो असायचा. टोपी घातलेला, हसरा. आजोबांचा थोरला भाऊ, आणि बेरित आत्याचे वडील. आईने पंचवीस वर्षं त्या काचेवरची धूळ पुसली होती. १९७२च्या जानेवारीत दोघे भाऊ एका विमानात बसून गेले. हालवार कॅप्टन होते आणि आमचे आजोबा उजवीकडे, सहवैमानिकाच्या खुर्चीत. त्यातला एकच घरी आला, तोही लंगडत. बेरित आत्या तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे ती याच घरात वाढली. फोटो पुसताना आईला दर वेळी वाटायचं की भिंतीवर शेजारी आणखी एका फोटोपुरती जागा आहे.

म्हणून साखरेच्या भांड्याखाली एक पत्र होतं. आमच्या आठशे मीटरच्या धावपट्टीवरच्या टॉवरमध्ये, बाबांच्या शेजारी, एक जागा रिकामी झाली होती आणि ती दाग्नीताईला देऊ केली होती. काचेची खोली, गरम कॉफी, पाय जमिनीवर. उत्तर सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं.

"आजोबा, तुम्ही सांगा तिला," आई टेबलाशी बसलेल्या आजोबांना म्हणाली. "तुमचं ऐकेल ती."

आजोबांनी श्वास आत घेतला.

"नुसतं तसं नको. बोला."

आजोबा खिडकीबाहेर पाहत राहिले.

आम्ही आत आलो आणि टेबल भरलं. मलईचा केक, लोणी-साखर लावलेले, पातळ पोळ्यांसारखे लेफ्से, तपकिरी चीज, आणि भलीमोठी कॉफीची किटली. बाबा टॉवरमधून थेट आले, अजून त्या पिवळ्या जाकिटात. आमचे बाबा आयविन दिवसभर बोलतात. धावपट्टी मोकळी, वारा दोनशे चाळीस अंशांवरून अठरा, ब्रेक मध्यम. प्रत्येक शब्द कोरून ठेवल्यासारखा स्पष्ट. घराचा उंबरा ओलांडला की त्यांचा रेडिओ बंद होतो.

"आजोबा, ऐंशी!" मी म्हणाले. "कसं वाटतंय?"

"एकोणऐंशीसारखंच."

"सोमवारी बारापर्यंत कळवायचंय," आई केक कापता कापता म्हणाली. कुणाला ते तिने सांगितलं नाही. गरजच नव्हती.

"माहितेय, आई," ताई म्हणाली.

"माहितेय म्हणजे?"

"म्हणजे माहितेय."

"उन्नी," बेरित आत्या आईला म्हणाली, "परीक्षा मंगळवारी आहे. एक दिवस थांबा म्हणावं त्यांना."

"तुला काय जातंय, बेरित? तुला कुठे पोरंबाळं आहेत!"

लेफ्स्यांची थाळी बाबांच्या हातात तशीच राहिली. आईला शब्द तोंडातून सुटताक्षणी परत हवा होता. तसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आत्याने कपात साखर घातली. ती कधीच साखर घेत नाही.

"पोरं नाहीत," आत्या शांतपणे म्हणाली. "वडीलही नव्हते. तरी तीस वर्षं त्याच डोंगरांमधून ये-जा करतेय मी. शेपटीवर वारा घेऊन आठशे मीटरमध्ये उतरते. रोज."

"ते पंख्यांचं विमान. हे जेट."

"जेट उलट सोपं! फक्त त्याला आधी सांगावं लागतं. इंजिनाला शक्ती मागितली की सावकाश देतं, पाच-सहा सेकंद घेतं. म्हणून पुढचं आधी बोलायचं, शेजारच्याला सांगायचं. या पोरीला बाकी सगळं येतं. सहा आणि साठ, अडीच आणि पंचावन्न, झोपेत विचार."

"फ्रीजवर लिहिलेलं तेच ना?" बाबा म्हणाले. "मला वाटलं पावाची भट्टी किती वेळ."

"नाक सहा अंश, इंजिन साठ टक्के," मी म्हणाले. "बाबा, तुम्ही एका विमानतळावर काम करता!"

"राहू दे पोरीला खाली," आजोबा म्हणाले.

त्या आठवड्यातलं आजोबांचं ते सर्वांत लांब वाक्य होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला. आईने विरोध करावा, याची तिला सवय होती. पण तिला पहिल्यांदा नकाशा वाचायला आजोबांनी शिकवलं होतं, याच टेबलावर, काड्यापेटीच्या काड्या वाऱ्याच्या दिशेने मांडून.

"का, आजोबा?" ताईने विचारलं.

आजोबांनी श्वास आत घेतला.

"'का'ला श्वास चालत नाही, आजोबा!" मी म्हणाले, आणि बाबांना हसू फुटलं. मग मला थांबवणार कोण? मी उभीच राहिले. "असं करू या. आजोबा, तुम्ही तिच्या शेजारी बसा, उजवीकडे. तुम्ही उजवीकडेच बसायचात ना? बेरित आत्या परीक्षक. ताईने धडपणे उतरवलं तर मंगळवार. नाही उतरवलं तर उद्या टॉवरला होकार!"

ताईने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. अजून तिथे निळं आहे.

"कबूल?" आईने लगेच विचारलं.

ताईने श्वास आत घेतला.

"तोंडाने!" बेरित आत्या ओरडली.

"कबूल," ताई म्हणाली.

"मी नाही बसणार," आजोबा म्हणाले.

आणि मग आमच्या बाबांनी, घरात, जाकीट न काढता, कोरीव आवाजात म्हटलं, "अप्पा, बसा. तुमच्या वाढदिवसाला मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही."

होडीघरात डांबराचा आणि जुन्या जाळ्यांचा वास येतो. आई दाराशी उभी राहिली, बाबा नावेच्या कडेवर बसले. आजोबा उजव्या खुर्चीत बसताना आधी त्यांनी वाईट पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. मी प्लायवुडच्या मागे, दहाही बोटांत तारा. तारा ओढल्या की काटे हलत. बेरित आत्या दोघांच्या पाठीमागे उभी होती; तिथून तिची बोटं मला दिसत, त्यांना नाही.

"धावपट्टी दहा मैलांवर," आत्या म्हणाली. "ढग खाली, हाताने उडव. दोन काट्यांवर भरवसा, एक दिशेचा, एक उताराचा. सुरू."

ताई सुंदर उडवत होती. आत्याने बोट डावीकडे केलं, मी काटा डावीकडे नेला. ताईने हँडल जरासं वळवलं, काटा मध्ये. पाच मैल. चाकं खाली. चार मैल. नाक अडीच, इंजिन पंचावन्न. मला वाटलं, जिंकलो.

"दाग्नी," आत्या टॉवरच्या आवाजात म्हणाली, "धावपट्टीच्या पलीकडचा दिवा बंद आहे. उतरता आलं नाही तर किती फुटांवरून परत फिरणार, ते नकाशात बघून सांग."

ताईने मांडीवरचा नकाशा उचलला आणि मान खाली घातली. आत्याने मला अंगठा खाली दाखवला. सावकाश. मी तार ओढली. उताराचा काटा मधल्या खुणेपासून खाली सरकला, डायलवरचा एक ठिपका. आत्याचा अंगठा अजून खालीच. दीड ठिपका. ताई आकडा शोधत होती. उंचीच्या भोकातून मला आजोबांचे डोळे दिसत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. ते काट्यावर होते. काट्याबरोबर खाली खाली येत होते. त्यांना दिसत होतं. त्यांचे ओठ उघडले. आत श्वास गेला. बाहेर काही आलं नाही.

दोन ठिपके. उंचीचा काटा शून्याला टेकला.

"संपलं," आत्या म्हणाली. "समुद्र."

ताईने मान वर केली. काट्यांकडे पाहिलं आणि हँडल मांडीवर ठेवलं. आई दाराशी उभी होती. तिला हवं ते मिळालं होतं, पण तिने 'बघ' म्हटलं नाही.

"चूक तुझी," आत्या ताईला म्हणाली. "मान खाली घालण्याआधी सांगायचं, की मी वाचतेय, काटे तुम्ही बघा. शेजारी माणूस बसलाय, उशी नाही." मग ती आजोबांकडे वळली, आणि खरं सांगते, ती थट्टाच करत होती. "आणि काका, तुम्ही काय झोपला होतात? दिसलं नाही?"

"दिसलं," आजोबा म्हणाले.

"मग?"

आजोबा माझ्या भोकाकडे पाहत होते, पण मला पाहत नव्हते. त्यांचे हात मांडीवर होते आणि उजवा अंगठा डाव्या अंगठ्याचं नख घासत होता.

"तेव्हाही दिसला होता," ते म्हणाले.

"काय दिसला होता?"

"काटा."

बाबा नावेच्या कडेवरून उठले.

"हवामान होतं," बेरित आत्या म्हणाली. "बर्फाचं वादळ. सगळे तेच सांगतात. तुम्हीच सांगितलंत."

"होतंच हवामान. पण काटाही होता." आजोबांचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघत होता, थांबत, अडकत. "हालवार बाहेर बघत होता. दीपगृहाचा दिवा शोधत होता. लोकरी हातमोजे होते त्याच्या हातात, आईने विणलेले. मी आत बघत होतो. उंची उतरत होती. मला वाटलं, त्याला माहीत असेल. थोरला होता. कॅप्टन होता. हालवारला कुणी काही सांगत नसे. मी तोंड उघडलं." ते थांबले. "नऊ सेकंद होते. तेव्हा नाही मोजले. नंतर मोजले. रोज मोजतो."

ताईने मांडीवरचं हँडल खाली ठेवलं.

बेरित आत्या बाहेर गेली. फटीतून मला ती धक्क्याच्या टोकाशी दिसली, हात खिशात, पाठ आमच्याकडे. ताई उठायला लागली, तर आईने तिला हातानेच थांबवलं आणि स्वतः गेली. टेबलावर ज्या बाईने तो घाव घातला होता, तीच आपला स्वेटर काढून आत्याच्या खांद्यांवर टाकत होती. एप्रिलचा वारा होता, आई नुसत्या ब्लाऊजवर. आत्याने स्वेटर झटकला नाही. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पुढे दोघींनाही विचारलं. दोघींनी श्वास घेतला.

आत आजोबा उठायची धडपड करत होते. पाय बुटांच्या फळीत अडकला होता.

"बसा," दारातून आत्याचा आवाज आला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज टणक. "काका, मी आज तुम्हाला काही म्हणणार नाही. मला वेळ लागेल. कदाचित फार लागेल. पण त्या खुर्चीतून उठायचं नाही." ती येऊन आपल्या जागी उभी राहिली. "दाग्नी. दहा मैल बाहेर. परत पहिल्यापासून."

"बेरित," बाबा म्हणाले, "आज राहू दे."

"आजच. बावन्न वर्षं राहिलंच की."

ताईने हँडल उचललं. माझ्या बोटांना घाम आला होता, तारा सटकत होत्या. दहा मैल. पाच. चाकं खाली. चार मैल. "दाग्नी, पलीकडचा दिवा बंद, परतीची उंची सांग."

"आजोबा," ताई म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने. घरात तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी नकाशा वाचतेय. काटे तुमच्याकडे. काही हललं तर मला सांगा."

आजोबांनी श्वास आत घेतला.

ताईने मान खाली घातली नाही. ती त्यांच्याकडे वळली. "ऐकू आलं नाही, आजोबा."

आजोबांनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

"हो," आजोबा म्हणाले.

"आभारी." आता तिने मान खाली घातली. आत्याचा अंगठा खाली. मी तार ओढली.

"खाली," आजोबा पुटपुटले.

"किती?"

"एक. एक ठिपका खाली."

"दुरुस्त करतेय." तिने नाक उचललं, मी काटा मध्ये आणला. पण आत्याने पुन्हा अंगठा खाली केला, आणि या वेळी जोरात, दोनदा. मी दोन्ही तारा एकदम खेचल्या.

"खाली!" आजोबा म्हणाले. "दोन! फार खाली! वर... वर घे, पोरी! वर!" आणि त्यांनी स्वतःच हात टाकून दोन्ही डाव खोक्यात पुढे ढकलले, असे की एक मोडला. बाहेर छपरावरचे सगळे कुरव पक्षी एकदम उडाले.

"पुन्हा वर," ताई म्हणाली. "शक्ती दिली. नाक पंधरा. आजोबा, चाकं वर घ्या."

"चाकं वर," आजोबा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती. "चाकं वर. उंची वाढतेय. वाढतेय. वाढतेय, दाग्नी."

माझ्या हातात एक तार तुटून आली होती. मी ती तशीच धरून उभी राहिले. इतकी वर्षं या घरात मी एकटी बडबडत होते आणि मला वाटायचं, बाकीच्यांकडे बोलण्यासारखं काही नसेल.

आई प्लायवुडपाशी आली. कोपऱ्यातल्या खोक्यावरचा नकाशा तिने उचलला, उलटा, मग सुलटा केला.

"उतरली तर नाहीच ती," मी घाबरत म्हणाले. "आई, तुमचं कबूल झालं होतं..."

"उद्या मी फोन करते टॉवरला," आई म्हणाली. "एक दिवस थांबा म्हणते. नसतील थांबत तर नसोत." मग तिने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, जरा सरका. दाग्नी, यातला कुठला काटा बघायचा ते मला दाखव. मलाही ओरडता येतं."

त्या दिवशी लेफ्से संपेपर्यंत आम्ही सगळे आळीपाळीने उजव्या खुर्चीत बसलो. बाबा सर्वांत भारी निघाले. इतके स्पष्ट बोलत की ताई म्हणाली, तुम्ही जाहिरातीत काम करा. आई प्रत्येक ठिपक्याला किंचाळायची. मोडलेल्या डावाच्या जागी आजोबांनी लाकडाचा नवा दांडा तासून बसवला. बेरित आत्या निघाली तेव्हा आजोबा धक्क्यापर्यंत लंगडत तिच्या मागे गेले. ती त्यांना मिठी मारणार नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि तिने मारलीही नाही. पण बोटीत पाऊल टाकण्याआधी ती म्हणाली, "मंगळवारी अकराला येते. एकत्र ऐकू."

मंगळवारी बाबांनी रजा घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी शाळेत पोट दुखतंय म्हणून सांगितलं, दुखतही होतं. फोन टेबलाच्या मधोमध, केकच्या रिकाम्या ताटलीत ठेवला होता, कारण तिथे ठेवला की आवाज मोठा येतो. आजोबा, आई, बाबा, बेरित आत्या, मी. कॉफी गार झाली. साडेअकरा वाजले. बारा वाजायला आले.

फोन वाजला तेव्हा आईने तो इतक्या जोरात दाबला की ताटली फिरली.

"मी बोलतेय," ताईचा आवाज आला. पाठीमागे कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेत होती. "या वेळी स्वीडिश मुलगी होती शेजारी. मी सुरुवातीलाच तिला सांगितलं, माझ्या तोंडून नुसता श्वास आला तर ते उत्तर समजू नकोस, पुन्हा विचार. ती म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे. मग आम्ही इतक्या बडबडलो की परीक्षकाने..."

"दाग्नी," आई म्हणाली. "झालं का?"

"हो!" ताई म्हणाली. ताटली थरथरली. "हो, आई. हो!"

मला वाटलं होतं आम्ही सगळे ओरडू. मी तर शनिवारपासून ठरवून ठेवलं होतं काय ओरडायचं. पण कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना, माझ्यासुद्धा. आम्ही पाचही जणांनी एकदम, एकाच वेळी, श्वास आत घेतला.

"हॅलो?" फोनमधून ताई म्हणाली. "ऐकू आलं नाही. परत सांगा."

आजोबा दोन्ही हात टेबलावर टेकून फोनवर वाकले.

"हो," ते म्हणाले. "हो, पोरी. ऐकतोय आम्ही."